तुमच्या आलेखात ग्राहक एकच का आहे?

लोकसंख्येची धोरणे आखणारे मंत्री, सचिव आणि त्यांना सल्ला देणारे अर्थतज्ज्ञ यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी अर्थशास्त्र शिकवते. तीस वर्षे झाली. दर वर्षी पहिल्या सत्रात फळ्यावर दोन रेषा काढते, मागणीची खाली उतरणारी आणि पुरवठ्याची वर चढणारी, आणि दर वर्षी वर्गात एखादा तरी चेहरा उजळताना दिसतो. एवढ्या पसाऱ्याचा उलगडा दोन रेषांनी होतो, हे त्याला त्या क्षणी कळलेले असते. त्या रेषांवर माझे मनापासून प्रेम आहे. म्हणून आधीच सांगते, हे पत्र अर्थशास्त्राच्या विरोधात नाही. लग्न आणि मूल यांना बाजाराची भाषा लावू नका, असे बजावणारी पत्रे तुम्हाला पुष्कळ येत असतील. माझी तक्रार वेगळी आहे. तुम्ही ती भाषा लावता आणि पहिल्या धड्यावरच थांबता.

जन्मदर घसरलेल्या देशांची धोरणे मी काही वर्षे नेमाने वाचते आहे. बाळ जन्मले की रोख रक्कम, तिसऱ्या मुलाला कर्जमाफी, चौथ्याला करमाफी, लग्न करणाऱ्यांना अनुदान. तपशील देशागणिक बदलतो, तळाचा आलेख बदलत नाही. उभ्या अक्षावर मुलाची किंमत, आडव्या अक्षावर मुलांची संख्या, आणि ग्राहक म्हणून 'कुटुंब'. किंमत उतरवली की संख्या वाढेल. या आलेखातली किंमत मला मान्य आहे, संख्याही मान्य आहे. मान्य नाही तो ग्राहक. मूल हवे की नको हे ठरवणारी माणसे दोन असतात. दोघांची इच्छा वेगळी, दोघांना पडणारी किंमत वेगळी, आणि दोघांपैकी एक जण नाही म्हणाला तर गोष्ट तिथेच थांबते. तुमच्या आलेखात ती दोन माणसे एका ठिपक्यात मिसळून गेली आहेत.

या चुकीला मोठी परंपरा आहे. १९६० मध्ये अमेरिकी अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी जननदराचे आर्थिक विश्लेषण मांडले आणि मुलांना टिकाऊ उपभोग्य वस्तूंच्या, म्हणजे मोटारीसारख्या वर्षानुवर्षे वापरायच्या वस्तूंच्या, चौकटीत बसवले. अनेकांना ते खटकले. पण त्यांनी विचारलेला प्रश्न खरा होता. उत्पन्न वाढले की माणसे बहुतेक वस्तू जास्त घेतात. मग श्रीमंत होत जाणाऱ्या समाजांत मुले कमी का होत जातात? मूल ही काय हलक्या प्रतीची वस्तू आहे, की हातात पैसा आला की लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवावी? बेकर यांचे उत्तर असे की आई-वडील मुलांवरचा खर्च आखडत नाहीत, तो थोड्या मुलांवर एकवटतात. संख्या घटते, प्रत्येकामागचे शिक्षण, आरोग्य आणि लक्ष वाढते. त्याला जोडून वेळेचे उत्तर आले, जेकब मिन्सर यांनी १९६३ मध्ये मांडलेले. मुलाची सगळ्यात मोठी किंमत पैशांत मोजून द्यावी लागत नाही. कमाईच्या कामाला न देता आलेल्या तासांतून ती वसूल होते. स्त्रीचे वेतन जितके चढते, तितका तिचा घरी गेलेला तास महाग होतो. याला आम्ही संधी खर्च म्हणतो, आणि हा धडा शिकवताना मला आजही आनंद होतो, कारण तो खरा आहे.

पण बेकर यांच्या मांडणीतल्या घरात एक कर्ता असतो. तो सगळ्यांचे हित पाहतो आणि सगळ्यांच्या वतीने ठरवतो. एकाने बाहेर कमवावे, दुसऱ्याने घर सांभाळावे, म्हणजे दोघांचे मिळून उत्पादन वाढते. लग्नाचा आर्थिक लाभ तो हाच. गणित बिनचूक आहे. त्यात एवढेच विचारलेले नाही की वाढलेल्या उत्पादनातला वाटा कुणाच्या हाती राहिला, आणि उद्या लग्न मोडले तर कुणाच्या हाती काय उरेल.

माझ्या मुलीच्या जन्मानंतर मी तीन वर्षे नोकरी सोडली होती. निर्णय आम्ही दोघांनी मिळून घेतला, कुणी कुणावर लादला नाही. परत कामाला लागले तेव्हा माझ्यानंतर आलेले सहकारी सेवाज्येष्ठतेत माझ्या पुढे होते आणि ते अंतर पुढे कधी भरून निघाले नाही. एका रात्री उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर मी सहज कागद ओढला आणि हिशेब मांडला: तीन वर्षांचा पगार, हुकलेल्या वेतनवाढी, त्यामुळे कमी होणारे निवृत्तिवेतन. मुलगी आमची दोघांची होती. वजाबाकी एकाच पगारपत्रकात झाली होती. त्या मुलीबद्दल मला तिळभरही खंत नाही. पण दुसऱ्या मुलाचा विषय निघाला तेव्हा माझा नवरा उत्साहाने बोलत राहिला आणि मी गप्प बसले. तो भला माणूस आहे. त्याला दिसत होती ती किंमत आणि मला दिसत होती ती किंमत, यांत फरक होता, आणि आमच्यापैकी कुणालाच तोवर ते शब्दांत मांडता आले नव्हते.

हे माझ्या घरापुरते असते तर पत्र लिहिले नसते. डेन्मार्कमध्ये पाळणाघरे आहेत, पगारी रजा आहे, स्त्री-पुरुष समतेचा दीर्घ वारसा आहे. तिथल्या सरकारी नोंदी घेऊन हेन्रिक क्लेव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवले की पहिल्या मुलापर्यंत स्त्री-पुरुषांच्या कमाईच्या रेषा जवळजवळ समांतर चालतात. मूल झाले की आईची रेषा कोसळते. बापाची हलतही नाही. पुढे अनेक वर्षांनीही आईची कमाई सुमारे २० टक्के मागेच राहते. हा आलेख मी वर्गात दाखवते तेव्हा मुलीही गप्प होतात आणि मुलगेही.

आता तो दुसरा धडा, जो तुमच्या सल्लागारांनी तुम्हाला आधी वाचून दाखवायला हवा होता. मथियास डोपके आणि फाबियान किंडरमान या दोन अर्थतज्ज्ञांनी युरोपातल्या अनेक देशांतल्या जोडप्यांची माहिती तपासली. त्यात नवरा आणि बायको दोघांनाही विचारलेले होते: तुम्हाला आणखी एक मूल हवे आहे का? असंख्य घरांत दोन उत्तरे जुळत नव्हती. आणि जिथे उत्तरे जुळली नाहीत तिथे पुढच्या वर्षांत मूल बहुधा झाले नाही. म्हणजे प्रत्येकाच्या हाती नकाराधिकार आहे. जन्मदर जिथे फार खाली गेला आहे आणि मुलांचे करण्यात पुरुषांचा हात कमी आहे, त्या देशांत दुसऱ्या-तिसऱ्या मुलाला नकार देणाऱ्यांत स्त्रिया ठळकपणे जास्त आहेत. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष साधा आहे. सरसकट रक्कम वाटण्यापेक्षा आईवरचा भार नेमका हलका करणारा खर्च कितीतरी जास्त परिणामकारक ठरतो. ज्याचा होकार आधीच मिळालेला आहे त्याला आणखी राजी करण्यात पैसा घालवणे म्हणजे दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला.

पैसा कुणाच्या हातात पडतो याने काय होते, तेही मोजलेले आहे. ब्रिटनने १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठीची सवलत वडिलांच्या पगारातल्या करसवलतीतून काढून आईच्या हाती थेट रकमेच्या रूपात दिली. कुटुंब जर एकच ग्राहक असता तर याने काही फरक पडायला नको होता. पैसा या खिशातून त्या खिशात गेला, एवढेच. पण लुंडबर्ग, पोलॅक आणि वेल्स या अर्थतज्ज्ञांनी नंतर तपासले तेव्हा पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत मुलांच्या आणि स्त्रियांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला आढळला. खिसा बदलला, खरेदी बदलली.

माझ्या विद्यार्थ्यांची दर वर्षी एका प्रश्नात हमखास गल्लत होते: मागणीतील विचलन आणि मागणीतील बदल. किंमत उतरली म्हणून मागणी वाढली तर आपण त्याच रेषेवर खाली सरकतो, तो विस्तार. किंमत तीच राहून मागणी वाढली तर सगळी रेषाच उजवीकडे जाते, ती वृद्धी. कारणे वेगळी, म्हणून उपायही वेगळे. दक्षिण कोरियाने २००६ पासून जन्मदर वाढवण्यासाठी दोनशे अब्ज डॉलरहून जास्त खर्च केला. त्या वर्षी तिथला एकूण जननदर दर स्त्रीमागे १.१ मुलांच्या आसपास होता. २०२३ मध्ये तो ०.७२ झाला. किंमत उतरवत असताना रेषाच डावीकडे निघून गेली होती. हंगेरीने करमाफी आणि कर्जमाफी दोन्ही दिली. तिथे दर २०११ मधल्या १.२३ वरून २०२१ पर्यंत १.६ च्या घरात चढला, आणि २०२४ मध्ये पुन्हा १.४ च्या खाली आला. पैशाने काहीच होत नाही असे मी म्हणणार नाही. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने १९८८ पासून जन्मामागे रक्कम दिली, तिसऱ्या मुलाला सर्वांत मोठी, आणि जन्म खरोखर वाढल्याचे अभ्यासांत दिसले. पण बक्षिसाच्या पैशाने बरेचदा उद्या होणारे मूल आज होते. आकडा तेवढ्यापुरता वर जातो, मंत्री समाधानाने निवेदन करतात, आणि काही वर्षांनी हिशेब मूळ जागी येतो. १९९७ मध्ये त्याच क्वेबेकने ती योजना बंद करून दिवसाला पाच डॉलरची पाळणाघरे सुरू केली आणि कामावर असणाऱ्या आयांचे प्रमाण वाढले. मला विचाराल तर त्यांनी योग्य खर्च निवडला, जन्माचा आकडा काहीही सांगो.

आता लग्नाकडे येते, कारण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जपानमध्ये शंभर जन्मांमागे विवाहाबाहेरचे जन्म साधारण दोनच असतात. फ्रान्समध्ये ते निम्म्याहून जास्त आहेत. जिथे लग्नावाचून मूल होत नाही, तिथे मुलांची मागणी आधी लग्नाच्या दारातून जाते, आणि ते दारच अरुंद झाले असेल तर बाळाला जाहीर केलेली रक्कम दाराबाहेरच पडून राहते. कोरियात २०२४ मध्ये लग्नांची संख्या सुमारे १५ टक्क्यांनी वाढली, आणि त्याच वर्षी जननदरही थोडा वर सरकून ०.७५ झाला.

लग्नाला बाजार म्हणायला माझी हरकत नाही, पण तो किंमत नसलेला बाजार आहे. इथे पैसे टाकून वस्तू उचलता येत नाही. निवडणाऱ्याला निवडले जावेही लागते. डेव्हिड गेल आणि लॉइड शेपली यांनी १९६२ मध्ये याचे सुंदर गणित मांडले. प्रत्येकाने आपल्या पसंतीचा क्रम लावावा, एका बाजूने विचारत जावे, दुसऱ्या बाजूने आतापर्यंतचे सर्वांत चांगले स्थळ हाताशी ठेवून बाकीच्यांना नकार द्यावा. शेवटी अशी जुळणी मिळते की कुठलीही दोन माणसे आपापले जोडीदार सोडून एकमेकांकडे जाऊ इच्छित नाहीत. ही पद्धत पुढे डॉक्टरांच्या नेमणुकांत आणि शाळाप्रवेशांत वापरली गेली आणि २०१२ मध्ये शेपली आणि ॲल्विन रॉथ यांना नोबेल मिळाले. त्या गणितातली एक गोष्ट मला नेहमी थांबवते. विचारणाऱ्या बाजूला शक्य असलेल्या स्थिर जुळण्यांतली सर्वोत्तम मिळते. वाट पाहणाऱ्या बाजूला त्याच जुळण्यांतली सर्वांत कमी पसंतीची. कुणी पुढाकार घ्यायचा आणि कुणी वाट पाहायची, याचा कुठलाही रिवाज निकालाबाबत तटस्थ नसतो.

तरीही तुमच्या कामाची गोष्ट याहून पुढची आहे. या गणितात प्रत्येकाला आपला पसंतीक्रम ठाऊक असतो. प्रत्यक्षात पसंतीचा सगळ्यात महत्त्वाचा रकाना लग्नाआधी कोराच असतो. मूल रात्री तीनदा रडले तर कोण उठेल? ताप आलेल्या मुलासाठी रजा कोण टाकेल? दोघांपैकी एकाला बदली नाकारावी लागली तर ती कुणाची असेल? याची उत्तरे लग्नाआधी तोंडी मिळतात, आणि बहुतेक जण मनापासूनच देतात. पण ती पाळली जातीलच याची हमी कुठेच मिळत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल जे लिहिले ते मला इथे आठवते. चांगली गाडी आणि आतून बिघडलेली गाडी बाहेरून ओळखता येत नसेल तर घेणारा सावध होतो, चांगल्या गाडीलाही तिचे मोल मिळत नाही, आणि हळूहळू बाजारच आक्रसतो. माणसे मोटारी नाहीत. पण न ओळखता येण्याची अडचण तीच आहे. खरोखर निम्मे ओझे उचलणारा पुरुष आणि तसे नुसते म्हणणारा पुरुष पहिल्या भेटीत सारखेच बोलतात. जिला हे कळते ती थांबते. तिच्या थांबण्याला तुम्ही 'तरुणांना जबाबदारी नको झाली आहे' असे नाव देता. माझ्या वर्गात बसून गेलेल्या कितीतरी मुलींना मी ओळखते. जबाबदारीला त्या घाबरत नाहीत. ती एकटीवर येईल याची त्यांना भीती वाटते. आणि जे मुलगे खरेच तयार असतात त्यांच्याकडे ते सिद्ध करायचा काही मार्ग नसतो. त्यांच्यावरही हा अन्यायच आहे.

इथे सरकार काहीतरी करू शकते, कारण वचनाला वजन देणे हे कायद्याचे जुने काम आहे. नॉर्वेने १९९३ मध्ये बाळाच्या रजेतले चार आठवडे फक्त बापासाठी राखून ठेवले: त्याने घेतले तर घेतले, नाही तर ते आईला मिळत नाहीत. त्याआधी रजा घेणारे बाप अगदी मोजके होते. काही वर्षांत बहुसंख्य बाप ती घेऊ लागले. पुरुषांचा स्वभाव एवढ्यात पालटला नव्हता. 'मी रजा घेतो' म्हणणाऱ्या माणसाला कामाच्या ठिकाणी एकटे पडावे लागेनासे झाले होते.

याच विषयातला एक निष्कर्ष तुम्हाला आवडणार नाही, पण तो लपवून हे पत्र प्रामाणिक राहणार नाही. स्पेनने २००७ मध्ये बापांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली. लिदिया फार्रे आणि लिबेर्ताद गोन्सालेस यांनी नंतर तपासले तेव्हा बाप मुलांचे जास्त करताना दिसले, आया कामावर लवकर परतताना दिसल्या, आणि पुढचे मूल होण्याचे प्रमाण मात्र कमी झाले. पुरुषांची आणखी मुलांची इच्छाच घटली होती. मूल वाढवायला किती वेळ आणि जीव लागतो हे त्यांना प्रथमच स्वतःच्या हातांनी कळले असावे. संख्या वाढवणे हाच तुमचा हेतू असेल तर याला तुम्ही अपयश म्हणाल. मी म्हणेन की खरी किंमत प्रथमच दोघांना दिसली आणि दोघांनी मिळून ठरवले. आधीची जास्तीची मागणी उभी होती ती दुसऱ्याच्या खात्यावर खर्च टाकून.

आणि टंचाईबद्दल थोडे लिहायचे आहे, कारण मागणी-पुरवठ्याचे सर्वांत भोळे भाकीत तिथे केले जाते. स्त्रिया कमी झाल्या की त्यांचे मोल आपोआप वाढेल, असे म्हणणारे मला आजही भेटतात. विवाहाच्या बाजारात टंचाईचा परिणाम होतो, यात शंका नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा लाखांहून जास्त सैनिक मेले; ज्या भागांत जास्त मेले तिथे उरलेल्या पुरुषांनी आपल्याहून खालच्या सामाजिक थरात लग्न करण्याचे प्रमाण घटले. दुर्मीळ झालेल्या बाजूला निवड जास्त मिळाली. पण ते पुरुष स्वतःच्या होकाराचे स्वतः मालक होते. चीनमध्ये या शतकाच्या पहिल्या दशकात शंभर मुलींमागे ११८ च्या आसपास मुलगे जन्मत होते. निसर्गतः हा आकडा १०५ च्या जवळ असतो. तिथे मुलग्यांच्या आई-वडिलांनी स्थळासाठी पैसा साठवायला सुरुवात केली, हे अर्थतज्ज्ञांनी मोजून दाखवले आहे. त्याच टंचाईमुळे शेजारच्या म्यानमार आणि व्हिएतनाममधल्या मुली पळवून, फसवून लग्नासाठी विकल्या गेल्या. किंमत वाढली होती, अगदी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे. ती त्या मुलींच्या हाती पडली नाही, दलालांच्या हाती पडली. टंचाईचा लाभ मालकाला होतो. स्त्री स्वतःच्या निर्णयाची मालक नसेल तर तिची टंचाई ही दुसऱ्या कुणाची तरी मिळकत होते. पुरवठा-मागणीचा कोणताही आलेख काढण्याआधी मालकी कुणाची, हे विचारावे लागते, आणि हा प्रश्न अर्थशास्त्राच्या बाहेरचा मुळीच नाही.

मालकी कशाने ठरते? पुष्कळदा नाही म्हणता येण्याने, बाहेर पडता येण्याने. अमेरिकेतल्या राज्यांनी १९७० च्या सुमारास एका जोडीदाराच्या इच्छेवर घटस्फोट देणारे कायदे करायला सुरुवात केली. बेट्सी स्टीव्हनसन आणि जस्टिन वोल्फर्स यांनी २००६ मध्ये दाखवले की अशा राज्यांत स्त्रियांच्या आत्महत्या घटल्या आणि घरातली मारहाणही. ज्या स्त्रिया लग्नातच राहिल्या त्यांनाही दार उघडे असल्याचा लाभ झाला. विवाहसंस्था वाचवण्यासाठी घटस्फोट अवघड करा, असे सुचवणाऱ्या टिपणावर सही करण्यापूर्वी हे एकदा वाचा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दार बंद करून पुरवठा वाढवण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. रुमानियाने ऑक्टोबर १९६६ मध्ये ७७० क्रमांकाचा हुकूम काढून गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी घातली. जननदर १.९ वरून एका वर्षात ३.७ वर गेला. नंतर लोकांनी वाटा शोधल्या आणि दर पुन्हा उतरत गेला, पण चोरून केलेल्या गर्भपातांत हजारो स्त्रिया मेल्या आणि एक लाखाहून जास्त मुले अनाथगृहांत पोहोचली. डिसेंबर १९८९ मध्ये हुकूम रद्द झाला आणि मातामृत्यू वर्षभरात निम्म्यावर आले. यावर मला अधिक काही लिहिवत नाही.

तुम्ही म्हणाल, बाई, राज्याला माणसे तर लागतातच. निवृत्तिवेतन कोण भरणार? बरोबर आहे, आणि नेमके इथेच अर्थशास्त्राने तुम्हाला जाब विचारला पाहिजे. निवृत्तिवेतन आजच्या कमावत्यांच्या वर्गणीतून चालते त्या देशात मूल मोठे होऊन सगळ्यांच्या म्हातारपणाचा भार उचलते: स्वतःच्या आईचा, शेजाऱ्याचा, ज्याला कधी पाहिलेही नाही त्याचा. लाभ सार्वजनिक, खर्च खाजगी. वर्गात आम्ही याला बाह्य परिणाम म्हणतो आणि सांगतो की अशी गोष्ट बाजारावर सोडली तर गरजेपेक्षा कमी होते. मूल नसलेल्यांकडे बोट दाखवण्यासाठी हे मी लिहीत नाही. शाळा आणि दवाखाने त्यांच्या कराच्या पैशावरही चालतात. मी हे लिहिते आहे कारण ज्या बाईने त्या भावी वर्गणीदाराला वाढवण्यासाठी नोकरीतली वर्षे घालवली, तिचेच निवृत्तिवेतन त्या वर्षांसाठी कापले जाते. जर्मनीत १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे संगोपनाची तीन वर्षे निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरली जातात. तीन वर्षे. मी कागदावर वजा केली होती तेवढीच.

आणि हे सगळे करूनही आकडा वाढेल असे वचन मी देत नाही. फिनलंडने यातले पुष्कळ केले आहे, तरी तिथला दर २०१० मधल्या १.८७ वरून २०२३ मध्ये १.२६ वर आला. घसरण मुख्यतः पहिल्या मुलांमध्ये आहे, म्हणजे ज्यांनी सुरुवातच केली नाही त्यांच्यात. त्यातल्या काहींना मूल नकोच असेल; तो त्यांचा अधिकार आहे आणि त्यावर उपाय शोधायचे कारण नाही. काहींना हवे होते आणि विश्वास टाकावा असे माणूस वेळेत भेटले नाही. या दोघांना एकाच आकड्यात मोजणे थांबवा. युरोपात सर्वेक्षण झाले की लोक अजूनही साधारण दोन मुले हवीत असे सांगतात, आणि होतात त्याहून कमी. या दोन आकड्यांमधले अंतर हे तुमचे कामाचे क्षेत्र आहे; त्याच्या पलीकडे लोकांच्या घरात तुमचे काही काम नाही.

मागणे फार नाही. पुढच्या वेळी 'कुटुंबाला किती मुले हवीत' अशी पाहणी कराल तेव्हा दोन वेगळ्या प्रश्नावल्या छापा आणि दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून भरून घ्या. किती मुले हवीत हे विचाराल, तिथेच हेही विचारा: आणखी एक मूल झाले तर तुमच्या आठवड्यातले कुठले तास जातील, आणि जोडीदाराचे कुठले जातील असे तुम्हाला वाटते? दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि मग अंदाजपत्रकाला हात घाला. प्रश्नावलीचा मसुदा करायला कुणी हवे असेल तर मी तयार आहे. सत्र संपले आहे, उत्तरपत्रिका तपासून झाल्या आहेत, दोन महिने मोकळे आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
अर्थशास्त्राची एक शिक्षिका